गॅमाने गुणायचं की भागायचं?

बीएस्सीला असताना टाइम डायलेशनचं, म्हणजे धावतं घड्याळ हळू चालतं या सापेक्षतेतल्या परिणामाचं सूत्र मला तोंडपाठ होतं, तरी पेपरात न्यूमरिकल चुकलं. गॅमाने, म्हणजे वेगावरून ठरणाऱ्या, एकाहून मोठ्या गुणकाने गुणायचं तिथे मी भागलं. कोणाचं घड्याळ, हा प्रश्नच मी विचारला नव्हता.

तुमचंही इथेच अडत असेल, तर नागपुरात बर्डीहून खापरीला जाणारी मेट्रो डोळ्यांपुढे आणा, आणि तुम्ही तिच्यात बसलाय असं समजा. ती न थांबता, एकसारख्या वेगाने धावतेय असं धरा. बर्डी सुटलं ही एक घटना, खापरी आलं ही दुसरी. तुमच्या मनगटावरचं घड्याळ दोन्ही वेळी तिथे हजर होतं. फलाटावरून मोजायचं तर मात्र दोन घड्याळं लागतात, एक बर्डीचं, एक खापरीचं, आणि ती आधी जुळवून ठेवावी लागतात. दोन्ही घटनांना हजर असलेल्या एकाच घड्याळाचा काळ म्हणजे प्रॉपर टाइम. तो कमी भरतो. फलाटाचा काळ हवा असेल, तर त्याला गॅमाने गुणा.

डेरिव्हेशनही याच डब्यात होतं. तळापासून छतापर्यंत प्रकाश सरळ वर गेला. फलाटावरून पाहणाऱ्याला तोच प्रकाश तिरका, म्हणजे जास्त अंतर गेलेला दिसतो. प्रकाशाचा वेग दोघांनाही सारखाच, म्हणून फलाटावरचा वेळ जास्त. बाकी सगळं पायथागोरस. हे एकदा स्वतःच्या हाताने कागदावर काढाच.

मग म्युऑन घ्या, वातावरणात उंचावर तयार होऊन जमिनीकडे येणारा, इलेक्ट्रॉनसारखा पण जड आणि अल्पायुषी कण. त्याचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या 0.998 पट वेगाने तो तेवढ्यात जेमतेम 660 मीटर जाईल. पण गॅमा येतो साधारण 15.8, म्हणून जमिनीवरून पाहता तो सरासरी 10 किलोमीटर येतो. म्युऑनच्या बाजूने पाहा: आयुष्य तेवढंच, पण ते 10 किलोमीटरच आकसून 630 मीटरच्या आसपास झालेत. उत्तर दोन्हीकडून जुळतं, आणि ते जुळताना पाहण्याचा आनंद मला आजही तितकाच होतो.

एक गाठ सुटायला मात्र मला एमएस्सी उजाडली. प्रवाशाच्या दृष्टीने फलाटावरची घड्याळंच हळू चालतात, मग खापरीच्या घड्याळात जास्त वेळ कसा? कारण प्रवाशाच्या हिशेबाने ती दोन घड्याळं जुळलेलीच नसतात. गाडी बर्डीहून सुटली, त्याच क्षणी खापरीचं घड्याळ पुढे होतं.