संशोधन माहिती प्रणाली सांभाळताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील संशोधकांच्या नोंदी एकत्र आणताना सर्वाधिक गोंधळ होतो तो नावालाच ओळख मानल्यामुळे. ‘एस. बी. पाटील’ या नावाचे अनेक जण असतात, तर एकाच व्यक्तीचे नाव मराठी, कन्नड आणि रोमन लिपीत वेगवेगळे लिहिलेले आढळते. केवळ नाव जुळले म्हणून दोन नोंदी ‘सेम-अ‍ॅज’ने, म्हणजे ‘या दोन्ही एकच’ असे सांगणाऱ्या संबंधाने, जोडल्या, की तर्कयंत्र (नोंदींवरून आपोआप निष्कर्ष काढणारी आज्ञावली) एकाचे लेख आणि पदे दुसऱ्याचीही मानते, आणि हा संबंध साखळीने पुढे सरकत असल्यामुळे तिसरी नोंदही त्यात ओढली जाते. ओर्किड, म्हणजे प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र ओळखक्रमांक, जुळल्याशिवाय जोडणी करू नये. दुहेरी नोंद नंतर एकत्र करता येते, मिसळलेली वेगळी करणे फार जिकिरीचे असते.

ओर्किड हायफनविना एक्सेलमध्ये आकडा म्हणून उघडल्यास सुरुवातीची शून्ये गळतात. शेवटी एक्स असलेले क्रमांक शाबूत राहतात, म्हणून ही चूक उशिरा लक्षात येते. ‘कुऱ्हाडे’सारखी आडनावे ‘ऱ’ने किंवा ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून टंकित झालेली असू शकतात, युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी संकेतरूपे एकसारखी करण्याच्या पद्धतीने) हा भेद मिटत नाही, त्यामुळे त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो.

नाव बदलणे आणि संस्था वेगळी होणे यांतील फरक ऑन्टॉलॉजीत, म्हणजे नोंदींचे प्रकार आणि त्यांचे संबंध ठरवणाऱ्या आराखड्यात, दिसला पाहिजे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, पण ठिकाण तेच असल्याने त्याचा ओळखक्रमांक बदलू नये आणि जुन्या लेखांवरील छापील पत्ताही पुसू नये. राणी चन्नम्मा विद्यापीठाची गोष्ट निराळी आहे: २०१० मध्ये ते स्थापन होण्यापूर्वी येथे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते, म्हणून त्या काळातील लेख नव्या विद्यापीठाच्या खात्यावर टाकणे चूक ठरते.

गुणधर्माला ‘डोमेन’, म्हणजे तो कोणत्या प्रकारच्या नोंदीचा आहे ते, दिले म्हणजे चुकीची नोंद अडेल, असाही समज आढळतो. प्रत्यक्षात ‘व्यक्ती’ हे डोमेन असलेला ‘पद’ हा गुणधर्म लेखाला चुकून जोडला, तर तर्कयंत्र त्या लेखालाच व्यक्ती ठरवते; तपासणीचे काम २०१७ मध्ये प्रमाणित झालेल्या शॅकलकडे (नोंदी नियमांत बसतात का ते तपासणाऱ्या भाषेकडे) द्यावे.

प्रत्येक स्रोताची माहिती स्वतंत्र ग्राफमध्ये (नोंदींच्या वेगळ्या संचात) ठेवावी, म्हणजे एक स्रोत बिघडल्यास तेवढाच काढून पुन्हा भरता येतो. हाताने केलेल्या दुरुस्त्यांचा ग्राफही वेगळा असावा; तसे नसेल, तर पुढच्या भरणीत त्या पुसल्या जातात.