घरी कॉफी बीन्स ब्लेंड करताय? मग या चुका टाळा

दोन्ही दाणे चांगले होते, महागाचे होते, वेगवेगळे प्यायले तेव्हा मस्त लागले, मग एकत्र केल्यावर कॉफी अशी बेचव का झाली? घरी ब्लेंड करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा दोष दाण्यांचा नसतो, ब्लेंड कशासाठी करतोय हेच ठरवलेलं नसतं. आपल्या कॉफीत काय कमी पडतंय ते आधी कळायला हवं, मग ते भरून काढणारा दुसरा दाणा शोधायचा. उरलेल्या चार पिशव्यांचा तळ एका बरणीत ओतला तर चारही चवी एकमेकींना मारतात आणि हातात काहीच लागत नाही.

म्हणून पहिली चूक हीच, दाणे सुटे न चाखता मिसळणं. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. चिकमगळूरचा वॉश्ड, म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेला अरेबिका घ्या, सुगंध छान, थोडी फळासारखी आंबटगोड चव, पण दुधात घातला की बऱ्याचदा हरवून जातो. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या साधारण दुप्पट, कडवटपणा जास्त, पण दाटपणा आणि दुधाला पुरून उरणारा कडकपणा त्याचाच. मॉन्सून्ड मलबार तिसऱ्याच तऱ्हेचा, हे दाणे पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या उघड्या बाजूंच्या गोदामांत पसरून ठेवतात, दमट वाऱ्याने ते फुगतात, फिकट पडतात आणि त्यांचा आंबटपणा जवळपास निघून जातो. आता तुमचा अरेबिका फार आंबट लागत असेल तर थोडा मलबार कामाला येईल, आणि दुधात फिका पडत असेल तर रोबस्टा. काम वेगळं तर दाणा वेगळा.

पाकिटावरची नावं नीट न वाचण्याचा गोंधळही इथलाच. आपल्याकडे प्लांटेशन म्हणजे धुऊन प्रक्रिया केलेला अरेबिका, आणि चेरी म्हणजे फळासकट वाळवलेला दाणा. त्यामुळे रोबस्टा चेरी आणि धुतलेला रोबस्टा पार्चमेंट यांच्या चवीत बराच फरक पडतो, पार्चमेंट जास्त स्वच्छ लागतो, आणि ज्यांनी फक्त स्वस्तातला चेरी प्यायलाय ते रोबस्टा म्हटलं की नाक मुरडतात, जे मला अजिबात पटत नाही. पीबेरीचंही तसंच. फळात एरवी दोन चपटे दाणे असतात, कधीकधी एकच गोल दाणा तयार होतो, तो पीबेरी. ती वेगळी जात नाहीये, अरेबिकातही असते आणि रोबस्टातही, तेव्हा नुसतं पीबेरी लिहिलेलं बघून घेऊ नका, कशाची ते विचारा.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक, चमच्याने किंवा वाटीने माप घेणं. जास्त भाजलेला दाणा फुगतो आणि वजनाला हलका होतो, कमी भाजलेला लहान आणि जड असतो, मलबार तर आधीच फुगलेला, त्यामुळे एक वाटी हा आणि एक वाटी तो म्हणजे निम्मं-निम्मं नसतंच. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणा, फार महाग नसतो. आणि अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, मोठ्या बरणीत मिसळून ठेवलेले दाणे हलवाहलवीत वेगळे व्हायला लागतात, बारीक पीबेरी खाली जाते आणि मोठे फुगीर दाणे वर राहतात. एका कपाच्या १५ ग्रॅममध्ये जेमतेम शंभराच्या आसपास दाणे असतात, म्हणजे १० टक्के रोबस्टा म्हणजे मोजून दहा-बारा दाणे, त्यातले पाच जास्त आले की त्या दिवशीची कॉफी कडू. सोमवारी छान आणि गुरुवारी भलतीच लागते त्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं. उपाय सोपा आहे, दाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि रोजच्या कपापुरतं वजन करून ग्राइंडरमध्ये एकत्र टाका.

प्रमाण ठरवायला पाव किलो दाणे वाया घालवायची गरज नाही. प्रत्येक दाण्याची कॉफी वेगळी करा, सगळ्यांना दळण तेच, पाणी तेवढंच, समजा १५ ग्रॅमला २४० मिली, आणि मग तयार कॉफीच चमच्याने कपात मिसळा. एका कपात सात चमचे अरेबिका आणि तीन रोबस्टा, दुसऱ्यात आठ आणि दोन, तिसऱ्यात नऊ आणि एक. एकत्र दळून केलेल्या कॉफीची चव अगदी हुबेहूब हीच येईल असं नाही पण दिशा पक्की कळते. आणि दूध-साखर घालून पिणार असाल तर चाखताना पण घालाच! काळी चाखून ठरवलेलं प्रमाण दुधात गेल्यावर बहुतेक फसतं. सुरुवात दोनच दाण्यांनी करा, फार तर तीन, त्यापुढे कोण काय करतंय ते जिभेला कळत नाही.

घरी भाजणाऱ्यांसाठी: कच्चे दाणे आधी मिसळून एकाच कढईत भाजू नका. आकार, घट्टपणा, ओलावा सगळं वेगळं असतं, एक करपतो तेव्हा दुसरा आतून कच्चाच असतो. वेगवेगळे भाजा, मग मिसळा. भाजताना वजन साधारण १५ टक्के घटतं आणि जास्त भाजलं तर त्याहून जास्त, त्यामुळे प्रमाण नेहमी भाजलेल्या दाण्यांचंच लिहून ठेवा. विकत आणत असाल तर भाजल्याच्या तारखा जुळवा. कालचा रोस्ट अजून कार्बन डायऑक्साइड सोडतोय आणि दुसरा दोन महिन्यांचा शिळा, असं असेल तर प्रमाण कितीही बदला, जमणार नाही.

चिकोरी हा बीन नाही, ते एका मुळाचं भाजून केलेलं चूर्ण आहे, त्यात कॅफिन नसतं. फिल्टर कॉफीत ती रंग आणि दाटपणा देते, मला स्वतःला २० टक्क्यांपर्यंत आवडते, पण दाण्यांचं प्रमाण बसवताना ती बाजूला ठेवा, नाहीतर कोणता दाणा काय करतोय ते झाकलं जातं. तयार पावडर घेत असाल तर पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते बघा. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी, म्हणजे चिकोरी जवळपास निम्मी असलेलं पाकीटही कायदेशीरच असतं.

कॉफी बिघडली की लगेच प्रमाण बदलू नका, आधी बनवण्याची पद्धत तपासा. आंबट आणि पातळ लागत असेल तर दळण थोडं बारीक करा, पाणी उकळी येऊन अर्धा मिनिट थांबलेलं वापरा, तरीही आंबटच राहिली तर मग कमी भाजलेल्या अरेबिकाचा वाटा घटवा. कडू आणि घसा कोरडा करणारी असेल तर दळण जाड करा, मग रोबस्टा पाच टक्क्यांनी कमी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आंबट आणि कडू दोन्ही एकदम लागतंय? मग संशय दळणावर. मिक्सरमध्ये जास्त भाजलेले ठिसूळ दाणे पीठ होतात आणि कमी भाजलेले कडक दाणे तुकड्यांतच राहतात, पीठ कडवट उतरतं आणि तुकडे आंबट. मिक्सरच असेल तर थांबून थांबून फिरवा, मध्ये भांडं हलवा, नाहीतर सरळ हाताने फिरवायचा बर ग्राइंडर घ्या, म्हणजे पात्यांऐवजी दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणे एकसारखे भरडणारा.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात दाणे रोज फ्रिजमधून आत-बाहेर करू नका, गार दाण्यांवर लगेच दमटपणा धरतो. हवाबंद डबा, अंधारं कपाट आणि दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढाच माल. कर्नाटकात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते आणि रोबस्टाची त्यानंतर, त्यामुळे नवीन पिकाचा माल हातात आला की त्याच मळ्याचा दाणाही थोडा वेगळा लागू शकतो, तेव्हा ती चमच्यांची चाचणी पुन्हा एकदा करून घ्या आणि डब्यावर तारखेसकट नवीन प्रमाण लिहा.