विंडोजमध्ये नेटवर्क ड्रायव्हर बसत नसेल, तर आधी एररचा कोड वाचा

व्हीपीएन, आभासी संगणक चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स, नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, तपासण्यासाठी लागणारे एनपीकॅप किंवा एखादा अँटिव्हायरस बसवताना इन्स्टॉलेशन जवळजवळ पूर्ण होते आणि नेमका नेटवर्कचा घटक बसवण्याच्या पायरीवर एरर देऊन मागे फिरते. अशा वेळी बहुतेक जण तेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवतात, पुन्हा काढतात, पुन्हा बसवतात. यात वेळ जातोच, शिवाय प्रत्येक अर्धवट प्रयत्नाचे अवशेष मागे राहून मूळ अडचण आणखी गुंतागुंतीची होण्याची शक्यता असते. दोष बसणाऱ्या घटकातच असेल असे नाही. तो जिथे बसायचा आहे, तिथेही असू शकतो.

ही सॉफ्टवेअरे बहुधा स्वतःचा एक फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे येणारी-जाणारी माहिती मध्येच पाहणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोजच्या नेटवर्कच्या थरांमध्ये बसवतात, आणि संगणकात येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट त्यातून जाते. कोणता ड्रायव्हर कोणत्या अडॅप्टरला (नेटवर्कशी जोडणाऱ्या खऱ्या किंवा आभासी उपकरणाला) जोडलेला आहे, याची नोंद विंडोज एकाच ठिकाणी ठेवते आणि ती नोंद बदलण्याचा अधिकार एका वेळी एकाच प्रोग्रॅमला देते. एररच्या खिडकीत किंवा इन्स्टॉलरच्या लॉगमध्ये (कामाचा तपशील लिहिलेल्या फाइलमध्ये) ‘०एक्स८००४ए०२’ने सुरू होणारा कोड दिसला, तर अडचण याच नोंदीशी संबंधित आहे असे समजावे आणि शेवटचा अंक नीट पाहावा.

शेवटी ४ असेल, तर ती नोंद लिहिण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे तरी अडकला आहे. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजची खिडकी उघडी राहिली असेल, तर तेवढेही कारण पुरते. ती बंद करावी, चालू असलेले इतर इन्स्टॉलर पूर्ण होऊ द्यावेत आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा. ५ किंवा ८ असेल, तर आधी बसवलेल्या वा काढलेल्या घटकाचे काम रीस्टार्टवाचून अडले आहे. येथे ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’च निवडावे, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलेल्या संगणकात शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होत नाही. हा फरक ठाऊक नसल्यामुळे ‘संगणक दहादा बंद-चालू केला’ असे सांगणारी माणसे अगदी खरे बोलत असतात, तरीही त्यांचा संगणक एकदाही रीस्टार्ट झालेला नसतो.

शेवटचा अंक ९ असेल, तर फिल्टर ड्रायव्हरांची कमाल मर्यादा भरली आहे. ही अडचण प्रामुख्याने विंडोज ७ मध्ये येते. तिथे ही मर्यादा मुळात ८ असते आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ‘एचकी लोकल मशीन’खालील ‘सिस्टम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘कंट्रोल’, ‘नेटवर्क’ या मार्गावरील ‘मॅक्स नम फिल्टर्स’ची किंमत बदलून ती १४ पर्यंत वाढवता येते. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला असला, तरी प्रयोगशाळांतील आणि कारखान्यांतील अनेक यंत्रे अजून त्यावर अवलंबून आहेत, म्हणून हे सांगणे आवश्यक वाटते. मात्र मर्यादा वाढवण्याआधी न लागणारी जुनी व्हीपीएन आणि अँटिव्हायरस काढून टाकावीत, हा माझा आग्रह आहे. वापरात नसलेल्या फिल्टरांतून पॅकेटे फिरवण्यात काहीच लाभ नाही.

असा कोड मिळालाच नाही, तर विंडोजच्या फोल्डरातील ‘आयएनएफ’मध्ये असलेली ‘सेटअप एपीआय डेव्ह’ नावाची लॉग फाइल उघडावी, तिच्या तळाशी जावे आणि तीन उद्गारचिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्यात. ड्रायव्हर बसवताना विंडोजला नेमके काय खटकले, ते त्या ओळींत लिहिलेले असते. डिजिटल स्वाक्षरीची तक्रार दिसली, तर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवी आवृत्ती घ्यावी. सुरक्षेची तपासणी बंद करून जुना ड्रायव्हर आत ढकलण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो मानू नये. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘सर्व्हिसेस’च्या यादीतील ‘नेटवर्क सेटअप सर्व्हिस’ही पाहावी. ती एरवी थांबलेली दिसणे स्वाभाविक आहे, पण संगणक वेगवान करणाऱ्या एखाद्या साधनाने ती ‘डिसेबल्ड’ केली असेल, तर नेटवर्क ड्रायव्हर बसणे अडू शकते. ती ‘मॅन्युअल’वर आणावी.

संगणकातील उपकरणांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरपुढे कोड ५६ दिसत असेल, तर विंडोज त्या उपकरणाची मांडणी अजून पूर्ण करू शकलेले नाही. पूर्वीच्या व्हीपीएनचे अवशेष हे याचे नेहमीचे कारण असते. ‘व्ह्यू’मधून लपलेली उपकरणे दाखवावीत आणि काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचे फिकट दिसणारे अडॅप्टर अनइन्स्टॉल करावेत.

‘नेटवर्क रीसेट’ हा पर्याय सर्वांत शेवटी वापरावा, कारण तो सगळे अडॅप्टर काढून पुन्हा बसवतो. हाताने भरलेला आयपी पत्ता, गेटवे आणि डीएनएस आधी कागदावर लिहून घ्यावेत. व्हीपीएन आणि आभासी स्विच पुन्हा बसवावे लागू शकतात. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आधी अडलेला घटकच एकटा बसवावा, आणि बाकीची सॉफ्टवेअरे दर वेळी रीस्टार्ट करत एकेक करून परत आणावीत, म्हणजे कोणाच्या येण्याने नेटवर्क पुन्हा बिघडते ते लगेच कळते.