पायथन लायब्ररीचे टेस्ट कव्हरेज वाढवण्यापूर्वीची तयारी

मुक्तस्रोत पायथन लायब्ररीचे टेस्ट कव्हरेज (टेस्ट चालवताना कोडचा किती भाग प्रत्यक्ष चालतो याचे प्रमाण) वाढवण्याचे काम अंगावर घेण्यापूर्वी प्रकल्पाची योगदानविषयक नियमावली आणि प्रलंबित इश्यूंची यादी वाचावी. जे मॉड्यूल पुढील आवृत्तीत काढून टाकायचे ठरले आहे, त्याच्यासाठी टेस्ट लिहिणे म्हणजे पाडायला काढलेल्या घराला रंग देणे होय. त्यानंतर रिपॉझिटरी फोर्क करावी (आपल्या खात्यात तिची प्रत घ्यावी), स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये लायब्ररी एडिटेबल पद्धतीने (म्हणजे समोरच्या फोल्डरमधला कोडच थेट वापरला जाईल अशी) इन्स्टॉल करावी आणि एकही ओळ न बदलता सर्व टेस्ट एकदा चालवून पाहाव्यात. आधीपासून नापास होणाऱ्या टेस्टची नोंद तेव्हाच करून ठेवावी, नाहीतर पुढे त्यांचे खापर आपल्या बदलांवर फुटते. ‘एडिटेबल’कडे दुर्लक्ष करू नये. मी एकदा तासभर टेस्ट लिहीत राहिलो आणि कव्हरेज जागचे हलेना, कारण टेस्ट चालत होत्या पूर्वी इन्स्टॉल केलेल्या प्रतीवर आणि मोजमाप होत होते समोरच्या फोल्डरचे.

मोजमापासाठी बहुधा कव्हरेज.पाय हेच साधन वापरले जाते. ते सेटिंग न बदलता केवळ ओळी मोजते. शाखा (अटीनुसार कोडला फुटणाऱ्या वाटा) मोजायच्या असतील तर ब्रँचचा पर्याय सुरू करावा लागतो, आणि तो करावाच. ‘एल्स’ नसलेल्या ‘इफ’ची अट खरी ठरवणारी एकच टेस्ट असली तरी तेथील सर्व ओळी हिरव्या दिसतात, पण अट खोटी ठरल्यास काय होते हे कोणीच तपासलेले नसते. शाखा मोजल्यावर आकडा खाली आला तरी तोच आधार मानून लिहून ठेवावा.

मग एचटीएमएल अहवाल उघडून लाल (टेस्टमध्ये न चाललेल्या) ओळींची वर्गवारी करावी. एरर हाताळणारा लाल भाग सर्वांत आधी घ्यावा. केवळ विंडोजवर चालणारा भाग लिनक्सवरच्या अहवालात लाल दिसणारच. त्यासाठी दोन्हीकडची मोजमापे एकत्र करता येतात. कोडमध्ये लिहिलेल्या गाळण्याच्या खुणेने (‘प्राग्मा: नो कव्हर’) ओळी मोजणीतून वगळता येतात, मात्र आकडा सजवण्यासाठी ती खूण वापरणे मला अप्रामाणिक वाटते.

शंभर टक्क्यांचा अर्थही आधीच नीट समजून घ्यावा. समजा, एक फंक्शन मिळालेली स्ट्रिंग केवळ अंकांची आहे का हे ‘इजडिजिट’ने तपासते, उत्तर होकारार्थी आल्यास तिचे ‘इंट’ (पूर्णांक) करून परत देते आणि अन्यथा ‘नन’ देते. ‘१२’ आणि ‘अबक’ अशा दोन टेस्ट लिहिल्या की ओळी आणि शाखा दोन्ही शंभर टक्के भरतात. पायथन देवनागरी अंकही बिनतक्रार वाचतो. तरीही वर्गाचे चिन्ह ‘²’ दिले की ‘इजडिजिट’ होकार देते आणि ‘इंट’ व्हॅल्यूएरर फेकते. तेथे ‘इजडेसिमल’ हवे होते. न लिहिलेली तपासणी अहवालात लाल होत नाही. २०१४ मध्ये उघडकीस आलेला ओपनएसएसएल या सुरक्षित इंटरनेट संवादासाठीच्या लायब्ररीतील हार्टब्लीड हा दोषही लांबीची तपासणी राहून गेल्यामुळेच निर्माण झाला होता. म्हणून प्रत्येक फंक्शनसाठी रिकामी स्ट्रिंग, शून्य, ऋण संख्या आणि विचित्र अक्षरे असे इनपुट लिहून काढावेत. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनातील पॅरामेट्राइझमुळे (एकच टेस्ट अनेक इनपुटांवर चालवण्याची सोय) ते एकाच टेस्टमध्ये बसतात.

नवी टेस्ट पास झाली की मूळ कोड मुद्दाम बिघडवून ती नापास होते का, हे पाहावे. असर्ट (निकाल अपेक्षेप्रमाणे आहे का हे तपासणारी ओळ) नसलेली टेस्ट कव्हरेज वाढवते, पण चूक पकडत नाही. पुल रिक्वेस्ट (आपले बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती) एका मॉड्यूलपुरतीच ठेवावी, आणि कव्हरेजची किमान मर्यादा वाढवायची असल्यास मेंटेनरांना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) आधी विचारावे, कारण ती ओलांडता न आल्यास इतरांचेही बिल्ड अडकतात.