पॅच मारला, पासवर्ड तेच राहिले

बडोद्यात फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कच्या दारावर पहारा देणाऱ्या बॉक्सच्या, लाइनमध्ये येणारी आपली बरीच मुलं माझ्याच वाटेने येतात. डिप्लोमा किंवा बीसीए, मग छोट्या सर्व्हिस कंपनीत फील्ड इंजिनिअर, आणि पाठीला बॅग अडकवून मकरपुरा जीआयडीसीच्या फेऱ्या. नॅट, पॉलिसी, टनेल हे फायरवॉलचं रोजचं काम तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. ते मलाही येत होतं, तरी तोंडावर आपटलो.

एका कारखान्याच्या बॉक्समध्ये एसएसएल व्हीपीएनला, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या दाराला, भोक असल्याची सूचना आली होती. कारखाना कुठला, बॉक्स कुठल्या कंपनीचा, ते विचारू नका. सूचना येऊन बरेच दिवस झाले होते, पण डाउनटाइम मिळत नव्हता. शेवटी एका रविवारी मिळाला. कॉन्फिगचा बॅकअप घेतला, नवं फर्मवेअर, म्हणजेच पॅच, चढवलं, टनेल परत उठले. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि सेव-उसळ खायला गेलो.

तीन आठवड्यांनी रात्री पावणेतीनला अकाउंटच्या ताईंच्या आयडीने कोणीतरी व्हीपीएनवर आलं. ताई दांडिया बाजारात आपल्या घरी झोपलेल्या. पासवर्ड एकदाही चुकला नव्हता, पहिल्या फटक्यात लॉगिन. तिथून टॅलीच्या सर्व्हरवर, आणि सकाळी सगळ्या फाइली लॉक. बॅकअपची हार्ड डिस्क आठ दिवसांपूर्वीची निघाली. मधल्या आठ दिवसांच्या नोंदी परत भरायला ताईंशेजारी बसून मी बिलं वाचत होतो आणि त्या व्हाउचर मारत होत्या. मधेच म्हणाल्या, "अरे, तेव्हाच सांगितलं असतंस तर मी पासवर्ड बदलला नसता का?" यावर काय बोलणार.

हा सापळा नीट समजून घ्या. बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल.

पॅच भोक बुजवतो. भोक उघडं असताना जे बाहेर गेलं, ते तो परत आणत नाही. चोराने किल्लीचा ठसा साबणावर घेतला असेल, तर तुम्ही भिंत कितीही लिंपा, तो दारानेच येणार. जगजाहीर उदाहरण फायरवॉल बनवणाऱ्या फोर्टिनेटचं आहे, सीव्हीई-२०१८-१३३७९ (सीव्हीई म्हणजे भोकाचा जाहीर नोंदणी क्रमांक). लॉगिन न करता, नुसत्या वाकड्या पत्त्याची विनंती पाठवून बॉक्समधली सेशनची फाइल वाचता यायची, आणि त्या फाइलीत व्हीपीएनवाल्यांची नावं आणि पासवर्ड जसेच्या तसे. पॅच मे २०१९ मध्ये आला. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० बॉक्सचे लॉगिन बाहेर फुटले. फोर्टिनेटने तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की नंतर पॅच मारला असेल, पण पासवर्ड बदलले नसतील, तर धोका तसाच आहे.

ओटीपी आहे म्हणून निवांत असाल तर सिट्रिक्स कंपनीच्या बॉक्समधलं 'सिट्रिक्स ब्लीड' हे भोक बघा. ऑक्टोबर २०२३, सीव्हीई-२०२३-४९६६. त्यात पासवर्ड नाही, चालू सेशनचं टोकनच, म्हणजे आत आलेल्याचा पासच, मेमरीतून गळत होतं. टोकन हातात आलं की ओटीपी विचारलाच जात नाही, आणि पॅचनंतरही ते चालत राहतं. सगळी सेशन हाताने तोडावी लागली.

म्हणून फर्मवेअर चढलं की अर्धंच काम झालं. मग व्हीपीएनवाल्या प्रत्येकाचा पासवर्ड बदला, तोच डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सामायिक लॉगिनला, चालत असेल तर तिथलाही. फायरवॉल ज्या खात्याने डोमेनला विचारतो त्या सर्व्हिस खात्याचाही. हे सगळेच विसरतात, आणि कुठल्या तरी आळशी माणसाने त्याला डोमेन ॲडमिन करून ठेवलेलं असतं. टनेलच्या प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांना ठेवलेले गुप्त शब्द) आणि बॉक्सचं सर्टिफिकेटही बदला. ॲडमिनच्या यादीत अनोळखी नाव आहे का ते बघा. ॲडमिन पॅनल इंटरनेटवर उघडं असेल तर आधी ते बंद.

आणि लॉग, म्हणजे कोण केव्हा आलं-गेलं याची बॉक्समधली नोंद. ताईंचा पासवर्ड केव्हा गेला हे आम्हाला शेवटपर्यंत सिद्ध करता आलं नाही, कारण बॉक्स लॉग मेमरीत ठेवत होता आणि अपडेटच्या रीबूटमध्ये ते पुसले गेले. म्हणजे पुरावा मीच पुसला. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं. आमच्याकडे कळवायला घटना होती, दाखवायला काही नव्हतं. जुन्या पीसीवर लिनक्स टाकून सिसलॉग, म्हणजे लॉग बाहेर साठवायची सोय, सुरू करायला एक दुपार लागते.

डंप (परीक्षेचे फुटलेले प्रश्न) पाठ करून सर्टिफिकेट काढणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. ते सर्टिफिकेट इंटरव्ह्यूपर्यंत पोचवतं, रात्री पावणेतीनला कामाला येत नाही. त्यापेक्षा अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची केईव्ही यादी रोज पाच मिनिटं वाचा. ज्या भोकांचा प्रत्यक्ष वापर झालाय तेवढीच त्यात असतात. आणि जो सिनिअर प्रत्येक प्रश्नाला "चालशे" (चालेल) म्हणतो, त्याच्याकडून केबल क्रिम्पिंग शिका, बाकी काही नको.

पण घाबरून लाइन सोडू नका. बॉक्स बनवणारेही यातून सुटलेले नाहीत. सायबरोम ही आपल्या शेजारच्या अहमदाबादची फायरवॉल बनवणारी कंपनी, सोफोस या ब्रिटिश सुरक्षा कंपनीने २०१४ मध्ये घेतलेली. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे घुसखोरी उघडकीस आली, ती भिंतीवरचा स्क्रीन चालवणाऱ्या एका साध्या कॉम्प्युटरवरून. सोफोसने स्वतःच ते पुढे जाहीर केलं. माझी नोकरीही गेली नाही. दोन महिने कोणी नीट बोललं नाही, एवढंच.

आता मी रविवारी अपडेट असेल तर शनिवारीच सगळ्या व्हीपीएनवाल्यांचे मोबाइल नंबर मागून घेतो. पासवर्ड बदलले की सोमवारी सकाळी सगळे एकदम फोन करतात, आणि पहिला फोन मालकाचा असतो. नऊ ते अकरा दुसरं काम घेऊ नका.