खडीच्या खाणीआधी झोन दाखला

गावाकडे डोंगरउताराची जमीन आहे, दगडखाण काढायची आहे? मग यंत्रांचे दर विचारायच्या आधी गट नंबर घेऊन नगर रचना कार्यालयात जा आणि झोन दाखला मागा, म्हणजे ती जमीन कोणत्या वापराच्या क्षेत्रात येते ते सांगणारा कागद. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ (लागवडीला अयोग्य जमीन) दिसला म्हणून जमीन खाणीला मोकळी होत नाही. प्रादेशिक योजनेत तोच गट वनीकरण किंवा ना-विकास क्षेत्रात असू शकतो. दाखला अनुकूल आला, तरच गौण खनिजाचा (दगड, खडी, मुरूम वगैरे) खाणपट्टा म्हणजे खाणीचा सरकारी भाडेपट्टा, खाण आराखडा आणि पर्यावरण मंजुरीवर खर्च करा.

पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात, ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची पूर्वशिफारस बंधनकारक आहे. ती १९९६ च्या पेसा कायद्यातच आहे, सरपंचाच्या सहीवर भागत नाही. आणि हो, ट्रक कोणाच्या बांधावरून जाणार तेही आधीच लिहून घ्या. निम्मी भांडणं तिथेच होतात.