विषाणू आले कुठून? उत्तर शोधताना या चुका टाळा

सगळ्या विषाणूंना एकाच घराण्यात बसवणं

‘पहिला विषाणू कसा तयार झाला?’ असं विचारलं की गाडी तिथेच अडते. पेशींबद्दल असा प्रश्न विचारता येतो. जीवाणू असोत, आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) असोत, झाडं असोत वा प्राणी, प्रत्येकाकडे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, असतो. त्या रायबोसोममधल्या आरएनएची तुलना करत मागे गेलं की सगळ्यांचा समान पूर्वज गाठता येतो. विषाणूंकडे रायबोसोमच नाही. एवढंच काय, सगळ्या विषाणूंमध्ये सापडेल असं एकही जनुक नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू आरएनएच्या आठ तुकड्यांवर चालतो, नागिणीचा विषाणू डीएनएच्या लांबलचक दुहेरी साखळीवर. या दोघांचा समान पूर्वज शोधायला निघालात तर हाती काही लागणार नाही.

आता गंमत बघा. नागिणीच्या विषाणूचं कवच ज्या प्रथिनाचं बनतं, त्या प्रथिनाची घडी, म्हणजे दुमडून झालेला आकार, जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या काही फाज विषाणूंच्या कवचाशी जुळते. ॲडेनोव्हायरस माणसाला सर्दी-खोकला देतो. त्याच्या कवचाची घडी वेगळी आहे, पण ती जीवाणूंच्या एका विषाणूत आणि यलोस्टोनच्या आम्लधर्मी गरम झऱ्यांमधल्या आर्कियाच्या विषाणूतही दिसते. म्हणजे घराणी आहेत, पण अनेक आहेत, आणि त्यांपैकी काही इतकी जुनी असावीत की जीवाणू आणि आर्किया वेगळे होण्याआधीपासून ती चालत आली. तेव्हा प्रश्न असा विचारावा: कोणता विषाणू, आणि त्याचा कोणता भाग?

तीन पर्यायांपैकी एकावर खूण करणं

पाठ्यपुस्तकात उगमाची तीन गृहीतकं असतात. विषाणू पेशींच्या आधीपासून होते. परजीवी पेशी झिजत झिजत विषाणू झाल्या. किंवा पेशीतली जनुकं निसटून स्वतंत्र फिरू लागली. विद्यार्थी लगेच विचारतो, बरोबर कोणतं? माझ्या मते उगमाबद्दलचा सगळ्यात मोठा गोंधळ या पर्यायी मांडणीनेच केला आहे.

पहिलं गृहीतक बहुतेक जण एका वाक्यात निकालात काढतात: पेशीशिवाय विषाणू वाढत नाही, मग तो पेशीआधी असेल कसा? हा युक्तिवाद आजच्या विषाणूंना लागू आहे. पण पेशी बनण्यापूर्वीही स्वतःच्या प्रती काढणारे रेणू असले पाहिजेत, आणि जिथे प्रती निघतात तिथे फुकटे जमतातच. शास्त्रज्ञ सोल स्पीगलमन यांच्या गटाने १९६७ मध्ये हे परीक्षानळीत दाखवलं. त्यांनी एका फाजचा आरएनए, त्याच्या प्रती काढणारं विकर आणि कच्चा माल एकत्र ठेवला आणि पटकन तयार होणाऱ्या प्रती निवडून पुढच्या नळीत टाकत गेले. ७४ फेऱ्यांनंतर त्या आरएनएने आपला ८३ टक्के भाग टाकून दिला होता. कवच नको, संसर्ग नको, फक्त भराभर प्रती निघाल्या की झालं! परजीवीपणासाठी पेशीची गरज नाही. प्रती काढणारी यंत्रणा कुणीतरी पुरवली की पुरे.

पण म्हणून पहिल्या पर्यायावर खूण करू नका. विषाणूत प्रती काढणारी यंत्रणा आणि कवच हे दोन भाग असतात, आणि त्यांचा इतिहास वेगळा असू शकतो. टोमॅटोची पानं आकसवणारे जेमिनीव्हायरस घ्या. त्यांच्या डीएनएची प्रत काढायला सुरुवात करणारं प्रथिन जीवाणूंच्या प्लाझ्मिडांमधल्या (मुख्य डीएनएपासून वेगळ्या छोट्या डीएनए-कड्यांमधल्या) प्रथिनांचं नातेवाईक आहे, तर कवचाचं प्रथिन वनस्पतींच्या आरएनए विषाणूंकडून आलेलं दिसतं. शिवाय अनेक कवच-प्रथिनं मुळात पेशींच्याच साध्या प्रथिनांमधून आली असावीत, असं युजीन कूनिन आणि मार्ट क्रुपोविच यांनी मांडलं आहे. म्हणजे इंजिन पेशीपूर्व काळातलं आणि पत्रा पेशीचा, असंही घडू शकतं. मग अशा विषाणूला कुठल्या पर्यायात टाकणार?

आकार पाहून पूर्वज ठरवणं

१९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात न्यूमोनियाच्या साथीचा तपास चालू असताना एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबात काहीतरी सापडलं. ते जीवाणूसारखं दिसत होतं, जीवाणू ओळखायला वापरतात तो ग्रॅम रंगही धरत होतं. तो विषाणू आहे हे कळायला २००३ उजाडलं. हाच मिमिव्हायरस. त्याचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) सुमारे १२ लाख बेसांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, म्हणजे मायकोप्लाझ्मा जेनिटेलियम या जीवाणूच्या जीनोमच्या दुप्पट. प्रथिननिर्मितीत लागणारी काही जनुकंही त्यात होती. लगेच चर्चा सुरू झाली की हा एखाद्या लुप्त पेशीचा झिजलेला वंशज, जीवाणू, आर्किया आणि झाडं-प्राण्यांचा गट यांच्या जोडीला सजीवांचा चौथा गट.

ही चूक आजही नव्या महाकाय विषाणूच्या प्रत्येक बातमीत होते. तपासण्याची रीत सोपी आहे: एकेका जनुकाचा वंशवृक्ष स्वतंत्र काढायचा. झीज होऊन विषाणू बनला असेल तर ही जनुकं एकाच प्राचीन फांदीवर एकत्र यायला हवीत. २०१७ मध्ये क्लोसन्यूव्हायरसवर हे करून पाहिलं. त्याच्याकडे प्रथिननिर्मितीची यंत्रणा मिमिव्हायरसपेक्षाही भरपूर होती, पण ती जनुकं वेगवेगळ्या यजमानांकडून (ज्यांच्यात विषाणू वाढतो त्या सजीवांकडून), वेगवेगळ्या वेळी उचललेली निघाली. छोट्या विषाणूने गोळा करत करत संसार वाढवला होता. झिजून लहान होणं हे रिकेट्सिया, क्लॅमिडिया अशा जीवाणूंमध्ये स्पष्ट दिसतं. पण इतकी झीज होऊनही त्यांनी रायबोसोम सोडलेला नाही.

आजच्या वेगाने मागे मोजत जाणं

आरएनए विषाणू फार वेगाने बदलतात. तोच वेग धरून मागे मोजलं की त्यांचं वय हास्यास्पद तरुण निघतं. माकडांमधल्या एसआयव्ही या एचआयव्हीच्या नात्यातल्या विषाणूचं वय एकेकाळी काही शतकांत मोजलं जात होतं. पण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं बिओको बेट समुद्राची पातळी वाढल्याने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तुटलं, आणि तिथल्या माकडांमध्ये मुख्य भूमीवरच्या त्यांच्या भाऊबंदांच्या एसआयव्हीचेच नातेवाईक सापडले. २०१० मध्ये त्यावरून काढलेलं वय किमान ३२ हजार वर्षं आलं. थोड्या काळात दिसणारे बरेच बदल पुढे टिकत नाहीत, म्हणून दीर्घ पल्ल्यात घड्याळ मंद चालतं. जमेल तिथे यजमानाच्या जीनोममध्ये अडकलेले विषाणूंचे अवशेष वापरावेत. माणसाच्या जीनोममध्ये बोर्नाव्हायरस या आरएनए विषाणूच्या जनुकाचे तुकडे आहेत आणि ते सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी शिरलेले आहेत.

एचआयव्ही चिंपांझीतून आला, गोवर गुरांच्या बुळकांडीच्या नात्यातला, हे खरं. पण ते यजमान बदलणं आहे. त्याला विषाणूंचा उगम म्हणू नका. आणि ‘विषाणू सजीव की निर्जीव?’ या वादात वेळ घालवू नका. उत्तर काहीही निघालं तरी वंशवृक्षाची एकही फांदी हलत नाही.

देवाणघेवाण एकतर्फी समजणं

विषाणू जनुकं चोरतात हे सर्वांना पाठ असतं, उलटी वाट सुटून जाते. माणसाच्या जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांच्या, म्हणजे यजमानाच्या डीएनएत स्वतःची जनुकं घुसवणाऱ्या विषाणूंच्या, अवशेषांचा आहे. त्यांतल्या एकाचं आवरण-प्रथिन, सिन्सिटिन, आज गर्भाच्या वारेच्या पेशी एकमेकींत मिसळवण्याचं काम करतं. उंदरातही हेच काम होतं, पण तिथलं प्रथिन वेगळ्या रेट्रोव्हायरसकडून आलेलं आहे. मेंदूतल्या स्मरणाशी निगडित आर्क हे प्रथिन तर कवचासारखे गोळे बनवून आरएनए एका चेतापेशीतून दुसरीत नेतं, हे २०१८ मध्ये दिसलं. ते रेट्रोव्हायरसांच्या नात्यातल्या, जीनोममध्ये उड्या मारणाऱ्या घटकांपासून आलं आहे.

हे सगळं फार जुनं आणि आता थांबलेलं आहे असंही धरून चालू नका. कोआलांमध्ये एक रेट्रोव्हायरस सध्या वंशपरंपरेत शिरतो आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ सगळ्या कोआलांच्या जीनोममध्ये तो बसला आहे, दक्षिणेकडच्या अनेकांमध्ये अजून नाही.